घरी बसवलेल्या रॉक रेल: एक फिरलेला नट आणि सहा मिलिमीटर सरकलेली रेल

पार्श्वभूमी

गाडी शिडीसारख्या चासीची, चार दारांची, आठ वर्षे वापरलेली. सामानासकट वजन साधारण २,१०० किलो. दारांखाली कारखान्यातून आलेली पायदाने होती. एका खडकाळ उतारावर डावे पायदान दगडावर टेकले, वर दुमडले आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेत रुतले, त्यामुळे दार उघडेना. यात नवल काही नाही. पायदान माणसाच्या वजनासाठी असते, त्याचे पातळ पत्र्याचे पाय गाडीचे वजन पेलायला केलेलेच नसतात.

मालकांनी त्याच चासीसाठी तयार मिळणारी रॉक रेलची जोडी आणली. रॉक रेल म्हणजे दारांखाली चासीला धरलेली भक्कम नळी, जी दगडावर टेकल्यावर गाडीचे वजन पेलते. मुख्य नळी ४४.५ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची. प्रत्येक रेलला चार पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला ६ मिमी जाड पट्टी आणि पट्टीत एक वर, एक खाली अशी दोन भोके. एका रेलचे वजन २९ किलो. सगळे बोल्ट एम१० (म्हणजे १० मिमी व्यासाचे), १.२५ आट्याचे (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), ८.८ प्रतीचे (ही बोल्टच्या ताकदीची खूण), २५ मिमी लांब. ते पायदानासाठी चासीच्या आत आधीपासून वेल्ड केलेल्या नटांतच बसणार होते, म्हणजे चासीला नवे भोक पाडायची गरज नव्हती. काम सपाट सिमेंटच्या जमिनीवर, दोन माणसांनी, घरच्या हत्यारांनी करायचे ठरले.

सुरुवातीला वेल्डिंगचा विचार झाला होता. वेल्ड केलेली रेल सरकत नाही, हे तिच्या बाजूचे मोठे मत. पण वेल्ड केलेली रेल वाकली तर कापूनच काढावी लागते. उष्णतेने चासीच्या आतले गंजरोधक मेण जळते आणि तिथून आत दिसणार नाही असा गंज धरतो. शिवाय या गाडीत इंधनाची टाकी डाव्या चासीला लागून होती. बोल्टची रेल घेण्याचा निर्णय योग्यच होता. त्या निर्णयाची किंमत कुठे मोजावी लागते, ते पुढे कळले.

बोल्टवर नेमका किती भार येतो

पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवर उभे आहेत, म्हणून ते आधी पाहू.

गाडीचा अर्धा भार एका रेलवर टेकला तर साधारण १० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतका जोर. नळीचा मध्य चासीच्या बाजूपासून २०० मिमी बाहेर, म्हणजे पायाच्या मुळाशी २ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर. रेल वर ढकलली जाते तेव्हा पट्टीची वरची कड चासीवर दाबली जाते आणि खालची कड चासीपासून सुटू पाहते. त्यामुळे ताण येतो तो खालच्या बोल्टवर. वरच्या कडेपासून खालचा बोल्ट १०० मिमीवर असेल आणि सगळा भार दुर्दैवाने एकाच पायावर आला, तर त्या एका बोल्टवर २० किलोन्यूटन ओढ बसते. ५० न्यूटन-मीटर टॉर्कने (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर), कोरड्या स्वच्छ आट्यांवर आवळलेला एम१० बोल्ट साधारण २५ किलोन्यूटनने धरून ठेवतो. पुरते, पण फार शिल्लक राहत नाही.

दुसरी गोष्ट घर्षणाची. पट्टीतली भोके उभी लांबट होती, ११ बाय १८ मिमी, म्हणजे बसवताना उंची जुळवता यावी. अशा भोकात रेलला वर सरकण्यापासून बोल्टचा दांडा अडवत नाही, पट्टी आणि चासी यांच्यातले घर्षणच अडवते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एका पायाच्या दोन बोल्टांचे मिळून १० किलोन्यूटन होतात. येणारा भारही तेवढाच. आवळ थोडी जरी ढिली पडली तरी रेल सरकणार.

अडचण: पायदान काढतानाच नट फिरला

पायदानाचे सोळापैकी पंधरा बोल्ट निघाले. डाव्या बाजूच्या सर्वांत मागच्या जागेचा खालचा बोल्ट इम्पॅक्ट रेंचवर (ठोके देत फिरवणाऱ्या यंत्रपान्यावर) दोन फेरे फिरला आणि मग नुसताच गरगरू लागला. आत वेल्ड केलेला नट सुटला होता. जागा नेमकी महत्त्वाची, कारण दगडावरून घसरत येणारी गाडी बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या अलीकडेच टेकते.

कारण साधे आहे. नटाच्या पलीकडे बोल्टचे पाच-सहा मिलिमीटर आटे चासीच्या पोकळीत उघडे असतात. तिथे चिखलपाणी साचते आणि गंज धरतो तो त्या शेपटावर. बाहेरून डोक्यावर मारलेले गंजतेल तिथवर पोहोचत नाही. बोल्ट उलटा फिरवताना तो गंजका भाग नटात शिरतो, अडकतो, आणि इम्पॅक्टचा पुढचा ठोका नटाचे वेल्ड तोडतो. चासीच्या बाजूला कारखान्याची लंबगोल खिडकी असते. या गाडीत ती बोल्टपासून ११० मिमी मागे, २८ बाय ४५ मिमीची होती. तिच्यातून बारीक नळीने आतल्या शेपटावर आदल्या दिवशी तेल मारायला हवे होते, आणि काढताना लांब दांड्याच्या हातपान्याने अर्धा फेरा उलट, पाव फेरा सुलट असे पुढे-मागे करत बोल्ट सोडवायला हवा होता. उजव्या बाजूला मग असेच केले, आणि तिथले आठही बोल्ट आट्यांसकट निघाले.

अडकलेला बोल्ट काढायला आधी डोक्याखाली पहार घालून बाहेर ओढत फिरवून पाहिले. कधी कधी सुटलेला नट चासीला घासून धरतो. इथे धरला नाही. ग्राइंडरने डोके उडवणे सर्वांत झटपट झाले असते, पण इंधनाची नळी वीतभर अंतरावर होती, ठिणग्या नकोत. म्हणून डोके व्हाइस-ग्रिपने (घट्ट धरून राहणाऱ्या पकडीने) पकडून आधी ४ मिमी, मग ८ आणि शेवटी १०.५ मिमीच्या कोबाल्ट बिटाने, कमी वेगात, तेल घालत ड्रिल केले. डोके सुटल्यावर उरलेला तुकडा नटासह आत ढकलला आणि लंबगोल खिडकीतून लोहचुंबकाने बाहेर काढला. आत सोडून दिला असता तर प्रत्येक खड्ड्यात खुळखुळला असता.

राहिले ते १५ मिमीपर्यंत वाढलेले, कड फाटलेले भोक. चासीची भिंत तिथे ३ मिमी जाड होती. कॅमेऱ्याची वायर आत घालून वेल्ड तुटलेल्या जागेतून भेग निघाली आहे का, ते आधी पाहिले. नव्हती. असती तर घरचे काम तिथेच थांबवून चासी दुरुस्त करणाऱ्याकडे गाडी नेणे हाच मार्ग होता.

तोललेले पर्याय

*रिव्हनट.* म्हणजे भोकात घालून रिव्हेटसारखा फुगवून बसवायचा नट. एम१० च्या पोलादी रिव्हनटला साधारण १३ मिमीचे नेमके भोक लागते. इथले भोक आधीच मोठे आणि ओबडधोबड होते. भोक नीट असते तरी ज्या बोल्टवर सर्वाधिक ओढ आहे तिथे रिव्हनट नकोच होता. ५० न्यूटन-मीटरला तो फिरण्याची भीती असते, आणि एकदा फिरला की आजच्यापेक्षा वाईट अवस्था.

*आरपार बोल्ट.* चासीच्या दोन्ही भिंतींतून लांब बोल्ट घालायचा. ताकदीला हा पर्याय चांगला, पण पोकळ चासीत नुसता बोल्ट आवळला तर भिंती आत दबतात, आणि दबत राहतात तोवर बोल्ट ढिला होत राहतो. आतल्या रुंदीइतकीच लांब नळी मधे घालावीच लागते आणि तिच्यासाठी एका भिंतीत मोठे भोक पाडावे लागते. त्यातून आतल्या भिंतीवर नेमकी ब्रेकची नळी आणि वायरिंग होते. ते हलवणे शक्य होते, पण एका बोल्टसाठी एवढा पसारा मालकांना पटला नाही.

*तो एक पाय वेल्ड करणे.* टाकी जवळ, म्हणून नाही. शिवाय सात बोल्ट आणि एक वेल्ड अशी मिश्र जोडणी केली की बोल्ट कणभर सरकताच सगळा भार वेल्डवर जातो.

*तो बोल्ट सोडून देणे.* घरगुती कामात हा पर्याय गुपचूप निवडला जातो. ‘सोळापैकी एक’ म्हटले की किरकोळ वाटते. वरचा हिशेब पाहिला की तो त्या पायाचा ओढ सोसणारा एकमेव बोल्ट आहे, हे दिसते.

*नट-पट्टी.* पोलादी पट्टीला नट वेल्ड करायचा आणि ती लंबगोल खिडकीतून आत सरकवून भोकामागे आणायची. चासी कापावी लागत नाही, आणि नटापेक्षा मोठ्या क्षेत्रावर दाब पसरतो. हाच पर्याय घेतला.

नट-पट्टी कशी केली

पट्टी ६ मिमी जाड, २५ मिमी रुंद, ८० मिमी लांब, कारण २८ मिमीच्या खिडकीतून ती आडवी सरकली पाहिजे. एका टोकापासून २० मिमीवर १०.५ मिमीचे भोक. मागे १.२५ आट्याचा एम१० नट, वेल्ड करताना बोल्टने घट्ट धरलेला, म्हणजे तो तिरका बसत नाही. त्या बोल्टला आधी तेल लावले, नाहीतर वेल्डिंगचे थेंब आट्यांत चिकटतात. गार झाल्यावर नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो का, ते पाहिले. दुसऱ्या टोकाला ६ मिमीचा गज शेपटासारखा वेल्ड केला. बोल्ट आवळताना हा गज खिडकीच्या कडेला टेकतो आणि पट्टीला फिरू देत नाही.

पट्टीची लांबी बोल्ट आणि खिडकी यांच्यातल्या अंतरावर ठरते. वरच्या चांगल्या नटाला ती धडकणार नाही, हेही आधी पुठ्ठ्याचा तुकडा आत घालून पाहिले. पुठ्ठ्याचे हे पाच मिनिटांचे काम टाळून पट्टी दोनदा करणारे पुष्कळ.

चासीच्या भोकाची फाटलेली कड कानशीने सपाट केली. बाहेरचा रंग आणि रेलच्या पायाच्या पट्टीवरचा त्या भोकाभोवतीचा रंगही घासला, जस्ताच्या प्रायमरचा पातळ हात दिला. जाडी मोजली: पायाची पट्टी ६, वॉशर २, भिंत ३, नट-पट्टी ६, नट ८.४, एकूण २५.४ मिमी. म्हणजे किटमधला २५ मिमीचा बोल्ट इथे चालणार नव्हता, ३० मिमीचा घेतला.

रेल चढवणे

गाडी चाकांवरच उभी ठेवली. चाकांना ठोकळे, चासीखाली जॅक-स्टँड आणि बॅटरीची ऋण तार काढलेली. उरलेल्या नटांचे आटे साफ करायला टॅप (आटे कापायचे हत्यार) न वापरता जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तोच फिरवला. टॅप जरा तिरका गेला तर चांगले आटेही कापतो. नंतर ब्रेक-क्लीनरने तेल धुऊन काढले. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून ‘थोडे तेल असू दे’ ही सवय इथे उपयोगाची नाही.

रेल ट्रॉली जॅकवर फळी ठेवून उचलली. आठही बोल्ट हाताने तीन-चार आटे धरल्याशिवाय एकही आवळला नाही. मग मधल्या दोन पायांपासून बाहेर, आधी २५ आणि मग ५० न्यूटन-मीटर.

आवळल्यावर रेल आणि बॉडीची खालची कड यांच्यातले अंतर मोजले: पुढे १८ मिमी, मागे ७. बॉडी चासीवर रबरी बुशांवर (रबराच्या गाद्यांवर) बसलेली असते. चासी पिळवटली की बॉडी आणि रेल एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून कमीत कमी १२ मिमी हवेतच. चूक जॅकची होती. तो मागच्या टोकाखाली होता आणि त्याने लांबट भोकांतल्या मोकळ्या जागेचा फायदा घेत रेल वर ढकलली होती. सगळे बोल्ट सैल करून, जॅक मधोमध घेऊन, कडेवर १४ मिमी जाडीचे लाकडी तुकडे लावून पुन्हा आवळले. आता पुढे १५, मागे १४. डोक्यांवर रंगाच्या पेनने रेघा ओढल्या.

निष्पत्ती

पहिली फेरतपासणी १०० किलोमीटरनंतर ठरली होती. त्याआधीच गाडी खडकात गेली. डावी रेल दोनदा टेकली, दार वाचले, नळीवर फक्त ओरखडे. त्या दृष्टीने काम यशस्वी. पण मागचे अंतर १४ वरून ८ मिमीवर आले होते आणि वळणावर त्या बाजूने ‘टक’ असा आवाज येत होता.

सगळ्यांचा पहिला संशय नट-पट्टीवर. टॉर्क रेंच ५० वर लावून (तेवढा जोर झाला की तो ‘टिक’ करतो) एकेक बोल्ट तपासला तेव्हा वेगळेच निघाले. नट-पट्टीचा बोल्ट जराही हलला नाही. इतर चार बोल्ट ‘टिक’ होण्याआधी फिरले, आणि सर्वांत जास्त फिरला तो त्याच मागच्या पायाचा वरचा. रेल खाली घेतल्यावर कारण उघडे पडले. नट-पट्टीच्या भोकाभोवती पायाची पट्टी आणि चासी दोन्ही घासलेली होती, बाकी सर्वत्र पावडर कोटिंग (रेलवरचा रंग) आणि चासीचा रंग यांचे थर एकमेकांवर दाबलेले होते. असा थर दाबाखाली हळूहळू बसतो. मिलिमीटरचा दहावा भाग जरी बसला तरी एवढ्या आखूड बोल्टची बरीचशी आवळ निघून जाते. वॉशरांखाली कोटिंगवर ६ मिमी लांबीचा चकचकीत ओरखडा होता, म्हणजे रेल तेवढीच वर सरकली होती. वरचा बोल्ट ढिला पडल्यावर एकट्या खालच्या बोल्टचे घर्षण पुरे पडले नाही.

नुसते पुन्हा आवळून भागले असते का? काही काळ. पण लांबट भोके तशीच राहिली असती. इथे तीन गोष्टी सुचवल्या गेल्या: दातेरी वॉशर, ६५ न्यूटन-मीटरपर्यंत जास्त आवळणे, आणि भोके कायमची बंद करणे. दातेरी वॉशर बोल्टला फिरू देत नाही, रेलच्या सरकण्याशी त्याचा संबंध फार थोडा. जास्त आवळणे ८.८ च्या बोल्टला आणि त्याहून जास्त आठ वर्षांच्या वेल्ड-नटांना धोक्याचे. तिसरी गोष्ट केली.

उंची पुन्हा जुळवून प्रत्येक बोल्टची जागा पायाच्या पट्टीवर सुईने कोरून घेतली. रेल काढून, गाडीपासून दूर, १०.५ मिमी भोकाच्या ४ मिमी जाड चकत्या लांबट भोकांवर वेल्ड केल्या. आता बोल्टचा दांडाच रेलला अडवतो, घर्षणावर सगळी भिस्त नाही. चासीला टेकणारी सगळी पृष्ठे घासून प्रायमरचा पातळ हात दिला आणि तो पूर्ण वाळू दिला. जाडी वाढल्यामुळे बोल्ट सगळीकडे ५ मिमी लांब घ्यावे लागले, नट-पट्टीच्या जागी ३५ मिमी. उजव्या रेलवर सरकण्याची खूण नव्हती, तरी तिलाही हेच केले. त्यानंतर १०० आणि ५०० किलोमीटरच्या तपासणीत एकही बोल्ट फिरला नाही आणि खडकातल्या पुढच्या फेऱ्यांनंतरही मागचे अंतर १४ मिमीच राहिले.

वेगळे काय करता आले असते

कोटिंग घासण्याचे काम पहिल्याच दिवशी सोळाही जागी करायला हवे होते. नव्या कोऱ्या रेलचा रंग खरवडायला हात धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण टेकणाऱ्या पृष्ठांवरचा रंग कुणाला दिसत नाही आणि गंज थांबवायला प्रायमर पुरतो.

चकत्या वेल्ड करणे मात्र पहिल्या दिवशी घाईचे ठरले असते. उंची नक्की झाल्यावर, एक-दोनदा चासी पिळवटल्यावर अंतर कुठे स्थिरावते ते पाहूनच भोके बंद करावीत. तोवर खडकात न जाणे एवढेच पथ्य, आणि तेच पाळले गेले नाही.

आरपार बोल्ट नाकारण्याबद्दल मतभेद होऊ शकतो. आतल्या भिंतीवर नळ्या नसतील आणि नळी नीट मापात कापता येत असेल तर तो नट-पट्टीपेक्षा सरस आहे. एकाच पायाचे दोन्ही नट सुटले असते तर इथेही तोच घ्यावा लागला असता, कारण एवढ्या खिडकीतून दोन भोकांची पट्टी आत वळली नसती.

दोन बारीकसारीक गोष्टी राहिल्या होत्या, त्या दुसऱ्या फेरीत केल्या. नळीच्या सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचे भोक पाडले, नाहीतर बंद नळीत पाणी साचून ती आतून गंजते. आणि रेलखाली जॅक कुठे लावायचा, त्या पायांच्या जागा पांढऱ्या रंगाने खुणावल्या. दोन पायांच्या मधे जॅक लावला तर नळी वाकते, आणि चाक उचलायला सस्पेन्शन पूर्ण लोंबेपर्यंत गाडी वर घ्यावी लागते, तेव्हा ती जॅकवरून घसरण्याचा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो.